चिंच वेवजीला आहे

१६ मार्च, रविवार

जतीन गेला. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे कोण ऐकतंय? जतीन गेला बंगळूरला, नात सांभाळायला.

स्टेशनवर दोन ओळखीच्या बायका भेटल्या. दोघींचा एकच प्रश्न. आजी इथे, आणि आजोबा बाळंतिणीकडे? त्यांना कुठे सगळं सांगत बसू? माझी रजा बाळ जन्मलं तेव्हाच संपली. तलासरीच्या बाजूच्या अंगणवाड्यांची मी सुपरवायझर. मार्चमध्ये मला कोण सोडतंय? आमच्या मुलीच्या, रुपलच्या, सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आणि जतीन तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरात मोकळाच आहे. मोकळा म्हणजे काय, गच्चीवर असतो. त्याच्या चौदा बोन्सायच्या कुंड्यांपाशी.

गाडी सुटताना खिडकीतून हात धरून म्हणाला, “सांभाळ हं.” मला भरून आलं. तर पुढे म्हणतो, “चिंचेला दुपारचं ऊन फार लागू देऊ नकोस.”

ही चिंच म्हणजे त्याची लाडकी. फूटभर उंच, खोड माझ्या मनगटाएवढं, साल म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखी. निळ्या पसरट कुंडीत असते. ती कुंडी त्याने पुण्याहून मांडीवर ठेवून आणली होती. रुपल जन्मली आणि तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पिशव्यांचं कारण सांगून त्याने तिला माझ्याकडेच दिलं होतं, हे मी विसरलेले नाही.

सूचना अशा: सकाळी एकदाच पाणी. आधी मातीत बोट घालून बघायचं. ओलं लागलं तर नाही द्यायचं. मी म्हटलं, अहो, मी आयुष्यभर पोरांची वजनं केली, कुंडीत पाणी घालता येणार नाही मला?

त्याचा चेहरा बघून वाटलं, त्याला खरंच तशी शंका आहे.

१९ मार्च, बुधवार

फोन सकाळी, फोन दुपारी, फोन संध्याकाळी. वडाला पाणी घातलंस? उंबराची कुंडी फिरवलीस? चिंच कशी आहे? मी कशी आहे ते विचारायला वेळ मिळाला नसेल. रुपल मागून ओरडत होती, “बाबा, बाळ रडतंय!”

झाडं आहेत तशी आहेत. झाडांना काय होतंय?

३० मार्च, रविवार

पाडवा. एकटीसाठी गुढी उभारली, श्रीखंड आणलं, मितेशभाईंकडे वाटी दिली. ते शेजारचे, आमच्या दोन गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढा कठडा आहे तेवढाच. त्यांचं स्टेशनरीचं दुकान आता सून बघते, म्हणून तेही मोकळे. हल्ली फार प्रेमाने चौकशी करतात. “भाविनीबेन, तुम्ही ऑफिसला किती वाजता निघता? येता किती वाजता?” एकटी बाई म्हणून काळजी करत असतील. चांगला माणूस आहे.

ऊन मात्र भयंकर. कपडे तासाभरात वाळतात. पण कुंड्यांची माती बघावी तर संध्याकाळीसुद्धा ओलसर. जतीनने मातीत काय काय कालवलंय कोण जाणे, पाणी छान धरून ठेवते. त्याला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाला, “ओली? संध्याकाळी?” तेवढ्यात बाळाला उचकी लागली आणि फोन ठेवला.

सकाळचा चहा आता गच्चीवरच घेते. तिथे नेटवर्क चांगलं येतं.

११ एप्रिल, शुक्रवार

वडाला मी ‘मामंजी’ म्हणते हे आज माझ्याच लक्षात आलं. पाणी घालताना तोंडातून निघालं, “मामंजी, पाय उचला.” त्याच्या पारंब्या खाली टेकल्यात, धोतर सोडून बसलेल्या माझ्या सासऱ्यांसारख्या दिसतात. उंबर ती ‘ठमी’, कारण बुटकी आणि गोल. बोगनवेल ‘नटवी’. नाव ठेवलं की लक्षात ठेवायला सोपं जातं, म्हणून. त्यापलीकडे काही नाही.

चिंचेला नाव सुचलं नाही. तिच्यासमोर बसलं की बोलायचं सुचतच नाही. सूर्य कलला की ती पानं मिटून घेते, देवळात हात जोडावेत तशी. इतकी वर्षं घरात आहे आणि मला हे माहीतच नव्हतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असायचे.

वेवजीला भेट होती. तिथली अंगणवाडी लाडकी नावाची सेविका चालवते. हसरी, खणखणीत बाई; पोरं तिच्या अंगाखांद्यावर असतात. वजनांचे फोटो दाखवताना माझ्या फोनमध्ये चुकून चिंच आली.

“मॅडम, हे काय? झाडाचं पिल्लू?”

“पिल्लू नाही, म्हातारी आहे ती. माझ्या लग्नाएवढी.”

लाडकीने फोटो मोठा करून बघितला. “मग वाढली का नाही? जेवायला देत नाही का साहेब?”

मग आणखी तीन-चार फोटोही चुकून आले.

२२ एप्रिल, मंगळवार

महालक्ष्मीची जत्रा चालू आहे, रस्ता नुसता भरलेला. यायला उशीर झाला. तशीच गच्चीवर गेले. चिंचेची खालची पानं पिवळी पडलीत. उन्हानेच. दोन मग पाणी जास्त घातलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आणखी पिवळी. आणखी पाणी घातलं. नटवी मजेत आहे, मामंजी ठीक आहेत. हिलाच काय झालं?

२६ एप्रिल, शनिवार

आज हात लावला आणि मूठभर पानं खाली आली. एकदम, तक्रार न करता. मी तिथेच कठड्यावर बसले.

जतीनचा फोन आला. मीच म्हटलं, व्हिडिओ लावू नका, नेटवर्क नाही. मग उगाच विचारलं, “अहो, तुम्हाला चौदातली चिंचच का एवढी आवडते?”

तो हसला. “तुला माहीत नाही?”

“नर्सरीतून आणली ना तुम्ही?”

“नर्सरी कसली! चिंचणीला तुझ्या माहेरच्या ओट्याच्या फटीतली आहे ती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी मांडवाचं बोलायला आलो होतो. तू ओटा खरवडत होतीस, सुकी मासळी पसरायच्या जागेवर मांडव घालायचा म्हणून. बोटाएवढं रोप उपटून माझ्या पायाशी फेकलंस. मी रुमालात बांधून घेतलं. तुझ्याशी बोलायची हिंमत नव्हती, म्हटलं तुझ्या हातचं काहीतरी घेऊन जावं.”

मी खाली पडलेली पानं एकेक करून पदरात गोळा करू लागले.

“बरी आहे ना ती?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “आहे.”

आई-बाबा गेले, ओटा गेला, तिथे आता चुलतभावाचा बंगला आहे. आणि ओट्याचा तो तुकडा माझ्या डोक्यावर, गच्चीवर होता. आणि मी तो मारतेय.

२८ एप्रिल, सोमवार

चिंच वेवजीला नेऊन ठेवली.

रात्रभर विचार केला तेव्हा इतकंच सुचलं. आमच्या गच्चीवर सिमेंट तापतं, लाडकीच्या घरी आंब्याची दाट सावली आहे. आणि खरं लिहायचं तर रोज तिची पानं गळताना बघवत नाही. आणि जतीनने व्हिडिओ लावला तर?

तलासरीच्या एसटीत कुंडी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, याचं तिकीट?”

मी म्हटलं, “बायकांना अर्धं आहे ना? माझं अर्धं काढा, उरलेल्या अर्ध्यात हिला बसवा.” अख्खी गाडी हसली. शेजारच्या बाईने आपली टोपली पायाशी घेतली आणि मला जागा करून दिली. “आजारी आहे का?” तिने असं विचारलं, जसं मांडीवर मूल असावं. मी हो म्हटलं. ती उतरेपर्यंत पदराने कुंडीवर सावली धरून बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार असते त्या रस्त्याला.

लाडकी शिबिराला निघाली होती. तिची सासू बुधीबाई ओसरीवर होती. आंब्याखाली कुंडी ठेवली आणि तिला म्हटलं, “मावशी, हिच्याकडे लक्ष ठेवा.”

“ठेवते,” बुधीबाई म्हणाली. आणि झाडाकडे बघून मान हलवली. कशाला हलवली कळलं नाही.

३ मे, शनिवार

हे लिहिताना अजून हसू येतंय, आणि रागही.

सकाळी दार वाजलं. मितेशभाई. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“भाविनीबेन, गुस्सो नहीं करता. एक वात सांगायची आहे. पाच दिवस झोप नाही मला. जतीनभाईंची चिंच चोरीला गेली.”

“चोरीला?”

“सोमवारी दुपारी गेलो तर जागा खाली. मी मागच्या गल्लीत बघितलं, भंगारवाल्याला विचारलं, बीचवर ते रोपंवाले बसतात तिथेपण फिरून आलो. मारी जवाबदारी हती!”

मी विचारलं, “तुमची जबाबदारी कशी काय?”

तेव्हा त्यांनी जीभ चावली. मग सगळं बाहेर आलं. जतीनने जाताना त्यांना हळूच सांगितलं होतं: भाविनी कामात विसरेल, तुम्ही दुपारी ती नसताना कठडा ओलांडून पाणी घालत जा. आणि तिला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल. मितेशभाई रोज दुपारी, मी ऑफिसला गेल्यावर, बादलीभर पाणी घेऊन यायचे. रोज. न चुकता.

“मातीत बोट घालून बघायचात का?”

“बोट? बोटाचं नाही बोलले जतीनभाई.” आणि मग अभिमानाने, “मी पोट भरून पाजायचो.”

मी सकाळी घालत होते, हे दुपारी घालत होते, आणि चिंच पिवळी पडल्यावर मी आणखी घालत होते. बिचारी उन्हाने नाही, पाण्याने आजारी पडली. बुडत होती ती, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी प्रेमाने ओतत होतो.

मी आधी संतापले. कठड्यावरून चोरासारखे येता, वगैरे बरंच बोलले. मग त्यांचा चेहरा बघितला. भंगारवाल्याकडे चिंच शोधणारे मितेशभाई डोळ्यांसमोर आले आणि मी जी हसत सुटले, की त्यांची सून काय झालं म्हणून बघायला आली.

जतीनला कुणीच काही सांगायचं नाही असं ठरलं. तसं बघितलं तर सुरुवात त्याने केली, पण फोनवर कशाला?

६ मे, मंगळवार

लाडकीचा फोन तीन दिवस लागला नाही, म्हणून हिला पाणी देऊ नका हे सांगायला आज धावत वेवजीला गेले. आंब्याखाली बघते तर निळी कुंडी जागेवर, आणि त्यात चार कोंबड्या पाणी पिताहेत.

“मावशी, झाड कुठाय?”

बुधीबाई शांतपणे तांदूळ पाखडत होती. तिने सुपाने घरामागच्या उताराकडे दाखवलं. तिथे दगडांच्या बांधाला लागून, लाल मातीत, माझी चिंच उभी होती. जमिनीत. नुसती काटकी, एक पान नाही.

“मेली होती ती, बाय. मुळांना वास मारत होता. काळी पडलेली मुळं काढून टाकली, मग उरलंच काय? टाकूनच देणार होते. मग वाटलं, एवढ्याशा ताटलीत जन्म गेला बिचारीचा, मरताना तरी पाय पसरू दे.”

“आणि कुंडी?”

“कोंबड्यांना बरी आहे. उथळ आहे. पिल्लं बुडत नाहीत.”

लाडकी धावत आली, कपाळाला हात लावून. “मॅडम, मी घरी नव्हते! आई, अगं साहेबांचं झाड आहे ते, फोटोतलं!” सासू-सुनेची जुंपली. त्यांच्या बोलीतलं मला अर्धंच कळलं. एवढं कळलं, की लाडकी म्हणत होती मॅडमचा नवरा मॅडमला घरात घेणार नाही, आणि बुधीबाई म्हणत होती मग मॅडमने इथे राहावं, जागा आहे.

मी उतारावर जाऊन बसले. नखाने साल किंचित खरवडून बघितली. जतीनला तसं करताना पाहिलं होतं. आत हिरवं होतं. अगदी फिकट, पण हिरवं. नक्की हिरवं. लाडकीला दाखवलं, तिलाही हिरवंच दिसलं. बुधीबाई म्हणाली, “माझी नजर कमी आहे,” पण ओणवी होऊन बराच वेळ बघत राहिली.

१७ मे, शनिवार

वेवजीला गेले. पोषण आहाराचा साठा बघायचा होता. चिंच आहे तशीच.

बुधीबाईने भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलंय. “शेळ्यांचं काही खरं नाही,” म्हणाली. मेलेल्या झाडाला कुंपण कशाला, असं विचारलं तर आणखी एक काटेरी फांदी खोचली.

२० मे, मंगळवार

वेवजीला गेले. वजनकाटा तपासायचा होता.

२४ मे, शनिवार

खोडाच्या वळणावर एक टोक. मुंगीच्या डोक्याएवढं, तांबूस. मी, लाडकी आणि अंगणवाडीतली सगळी पोरं आळीपाळीने वाकून बघत होतो. बुधीबाई सगळ्यांना ढकलून पुढे आली, आणि नजर कमी असूनही तिला लगेच दिसलं.

घरी येऊन मितेशभाईंना सांगितलं. त्यांनी पेढे आणले. वर मामंजी, ठमी, नटवी सगळ्यांना सांगितलं. आता रोज बोट घालून बघते. पाळी ठरली आहे: सोमवार ते शुक्रवार मी, शनिवार-रविवार मितेशभाई. त्यांना बोट कसं घालायचं ते मी शिकवलं.

८ जून, रविवार

आज फोनवर जतीन अर्धा तास बोलला. नात पालथी पडली. ती त्याच्याकडे बघून ‘अग्गू’ म्हणाली, म्हणजे ‘आजू’च म्हणायचं होतं. तिला पाळणा नको असतो, त्याच्या छातीवर झोपते, म्हणून तो आरामखुर्चीत बसूनच दुपार काढतो. रुपल म्हणाली, बाबा मला आंघोळ घालायला हात लावू देत नाहीत.

मी वाट बघत होते. झाडांचं एक अक्षर नाही. ना वड, ना उंबर. शेवटी मीच म्हटलं, “उंबराला फळं धरलीत.”

“हो का?” आणि लगेच, “थांब, तिने जांभई दिली, फोटो पाठवतो.”

हो का! ठमीने पहिल्यांदा एवढी फळं धरली, मुठीत मावणार नाहीत एवढी, आणि हा म्हणतो हो का. दिवसाला तीन फोन करणारा माणूस हाच का? झाडांना कळत नसेल, पण मला राग आला. कुणीतरी त्यांच्या बाजूने रागवायला हवं.

फोटो बघितला. जांभई सुंदर आहे. तरीही.

१२ जुलै, शनिवार

जतीन आला. बाळाला सांभाळायला चांगली बाई मिळाली, शिवाय सासूबाई चालू लागल्या. डोळ्यांखाली काळं झालंय, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. बॅग दारात टाकली आणि तसाच गच्चीवर. मी मागे. मितेशभाई त्यांच्या बाजूला कपडे वाळत घालत होते, पावसात.

त्याने एकेका कुंडीला हात लावला. मग रिकाम्या जागेशी थांबला.

“चिंच कुठाय?”

मी महिनाभर वाक्यं जुळवली होती. एक आठवलं नाही. “वेवजीला आहे,” म्हटलं. “जमिनीत आहे. जिवंत आहे.”

तो कठड्यावर बसला, ओल्यातच. मी सगळं सांगितलं. मितेशभाई मधे मधे “मारी भूल, मारी भूल” म्हणत होते. दुपारच्या पाण्याचं आलं तेव्हा जतीनने मान खाली घातली.

“म्हणजे माझ्यामुळेच,” म्हणाला.

“तुमच्यामुळे, माझ्यामुळे आणि यांच्यामुळे,” मी म्हटलं. “तिघांनी मिळून केलं. आता उठा, सर्दी होईल.”

रात्री जेवला नाही नीट.

१३ जुलै, रविवार

सकाळच्याच गाडीने वेवजी.

उतारावर पोचलो. चिंच आता ओळखू येणार नाही अशी. खोड तेच, पण त्यावर हातभर लांब कोवळे फुटवे, दिशा नसलेले, झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखे. इतक्या वर्षांत त्याने तारा बांधून, कात्रीने, केसाएवढं केसाएवढं करून घडवलेली तिची छत्री पार गेली होती.

जतीन उकिडवा बसला. दोन्ही हातांत खोड धरलं, हनुवटी धरावी तसं. खांदे हलले. मला कळेना रडतोय की काय. वळला तर दोन्ही चाललं होतं, रडणंही आणि हसणंही.

“भाविनी, बघ ना, किती दंगा करतेय!”

मग लाडकीने चहा आणला आणि खरा पेच सुरू झाला. मी म्हटलं, आता बरी झाली, घरी नेऊ. बुधीबाई म्हणाली, “कोण नेतंय? मी जगवली. शेळ्या मी हाकलल्या.”

जतीन म्हणाला, “बरोबर आहे मावशींचं. राहू दे इथेच. मोठी होईल, चिंचा धरेल. मला चालेल.”

“मला नाही चालणार,” मी म्हटलं. एवढ्या जोरात, की कोंबड्या उडाल्या. “माझ्या बाबांच्या ओट्यावरची आहे ती. माझी आहे.”

जतीन माझ्याकडे बघतच राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. लाडकी म्हणाली, “साहेब, मॅडम इथे आठवड्यातून तीनदा येतात. एक वजनकाटा किती वेळा तपासायचा?”

माझे कान तापले. वजनकाटा खरंच नीट नव्हता.

बुधीबाईने चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं. “ओट्यावरची आहे हे आधी का नाही बोललीस, बाय? मी समजले साहेबाचा शौक आहे. तुझ्या माहेरची असेल तर वेगळं.” मग तिनेच निवाडा दिला. आत्ताच मुळं धरलीत, आता हलवायची नाही. होळी होऊन पानं गळली की यायचं आणि न्यायची. तोवर बघायला यायचं, रिकाम्या हाताने नाही.

“आणि कुंडी?” जतीनने विचारलं.

“कुंडी कोंबड्यांची.”

मला वाटलं, आता काही खरं नाही. पुण्याहून मांडीवरून आणलेली कुंडी! पण जतीनने एका पिल्लाला कुंडीच्या काठावर चढायला बोटाने आधार दिला आणि म्हणाला, “यांना शोभते.”

परतताना एसटीत त्याने माझा हात धरला होता. पुढच्या सीटवरची शाळकरी मुलगी वळून वळून बघत होती. बघू दे.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीला रुपल, जावई आणि नात, आमची चिमी, आली आहेत. घर नुसतं दणाणलंय. गणपती गेले तरी यांनी आठवडा वाढवला.

आज वेवजीच्या अंगणवाडीत अन्नप्राशनाचा दिवस होता, सहा महिने पुरे झालेल्या बाळांना पहिला घास. मी रुपलला म्हटलं, आपलीही तिथेच बसवू. जावयांना वाटलं चांदीची वाटी घ्यायला हवी. मी म्हटलं, तिथे सगळ्यांना स्टीलची आहे.

पाच बाळं ओळीने आयांच्या मांडीवर. लाडकीने मऊ खिचडी केली होती. चिमीने पहिला घास थुंकला, दुसरा गिळला, तिसऱ्याला चमचाच ओढून घेतला. जतीन पोरांच्या मागे बसून टाळ्या वाजवत होता. त्याला दोनदा गप्प करावं लागलं.

मग सगळे उतारावर गेलो. ऊन-पाऊस एकदम चाललं होतं. चिंच माझ्या कमरेला आली आहे. बुधीबाईने चिमीला कडेवर घेतलं, अगदी हक्काने. चिमी डोलत होती, आणि कुणाला कळायच्या आत तिने कोवळ्या पानांची डहाळी मुठीत धरली आणि तोंडात घातली.

मी ओरडणार होते. आईच्या दुधानंतर काय द्यायचं, कधी द्यायचं, किती द्यायचं, हे मी तालुकाभर बायकांना सांगत फिरते. त्यात चिंचेचा पाला कुठेच नाही. पण माझ्या आधी चिमीच्या तोंडाचं जे झालं!

डोळे घट्ट मिटले. नाक सुरकुतलं. अख्खं अंग शहारलं, पायाची बोटंसुद्धा ताणली. रुपल हात पुढे करून थांबली होती. जतीनचं तोंड तसंच झालं होतं, नातीसारखं, आंबट.

मग चिमीने एक डोळा उघडला. झाडाकडे बघितलं. आणि तोंड उघडून पुन्हा पुढे झुकली.

बुधीबाई इतकी हसली, की लाडकीला बाळ धरावं लागलं. मितेशभाईही मुद्दाम आमच्याबरोबर आले होते, ते म्हणाले, “बस बस, वधारे नहीं!” जावई फोटो काढायचेच विसरले.

मी खाली बसले, चिंचेच्या बुंध्याशी. लहानपणी ओट्यावर बसून आई मासळी उलटायची, आणि आम्ही पोरं कुंपणाजवळच्या मोठ्या चिंचेचा पाला ओरबाडून खायचो, तोंड वाकडं करून, पुन्हा पुन्हा. ही तिच्याच बीची असणार, दुसरी कुणाची असणार?

एक कोवळं पान तोडून मीही तोंडात टाकलं. आंबट होतं. तेच आंबट.

जतीनने विचारलं, “काय गं, कसं आहे?”

मी त्याला एक पान दिलं.